उलार

परतवाडा मागे पडून घटांगचा घाट लागला, की मोटारीतले बोलणे आपोआप मंदावते आणि ज्याची त्याची दृष्टी आपापल्या बाजूच्या दरीत उतरते, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. परंतु यंदाच्या पौषात सेमाडोहला जाताना आमचे बोलणे थांबले ते दरीमुळे नव्हे, तर विटांनी शिगोशीग भरलेली ट्रॉली ओढीत आमच्यापुढे चाललेल्या एका ट्रॅक्टरमुळे. एका अरुंद वळणावर धारणीकडून येणारी एस.टी. त्याच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. चढणाऱ्याला वाट द्यावी हा घाटाचा जुना दंडक खरा. पण बसच्या पाठीशी चार मोटारी खोळंबलेल्या, तेव्हा ट्रॅक्टरनेच मागच्या रुंद जागेपर्यंत सरावे, असा फैसला कंडक्टरने परस्पर करून टाकला. ट्रॅक्टरवरचा पोरगा विशीतला. त्याने मान वळवली, स्टिअरिंग फिरवले, आणि ट्रॉली सरळ मागे येण्याऐवजी आडवी होऊन कठड्याशी जाऊन भिडली. "मांगं घे नं बे, सिद्धं मांगं!", "डाव्या हाताले काट!", "अबे उजव्या, उजव्या!" असे परस्परांशी सर्वस्वी विसंगत हुकूम बसच्या खिडक्यांतून आणि रस्त्यावर उतरलेल्या मंडळींकडून एकदम सुटू लागले.

माझी धाकटी बहीण शेजारी बसली होती. ती काही बोलली नाही. सहज खाली पाहिले, तर तिचा उजवा हात मांडीवर, जणू अदृश्य स्टिअरिंगची खालची कड धरल्यासारखा, हळूहळू उजवीकडे सरकत होता. पोराने भलत्या बाजूला फिरवले की तो जागीच थबके, आणि ट्रॉली पुन्हा रेषेत आली की बोटे सैल पडत. चौथ्या खेपेला पोराला साधले. बस गेली, कंडक्टरने जाता जाता आणखी एक शिकवण दिली, आणि बहिणीने तो हात पदराखाली घेतला.

ती कित्येक वर्षे ऑस्ट्रेलियात पर्थ शहरी राहते. नवरा निवृत्त झाल्यावर उभयतांनी तो खंड पालथा घालायचा, अशा संकल्पाने त्यांनी एक कॅरव्हान, म्हणजे मोटारीच्या मागे जोडून न्यायचे एकवीस फुटी चाकांवरचे घर, खरेदी केले. आणि वर्षाच्या आतच नवरा गेला. घर अंगणात उभे राहिले. मुलांनी ते विकून टाकण्याचा सल्ला दिला, आणि मीही फोनवरून तोच दिला, हे येथे कबूल केले पाहिजे. तिने मात्र ते ठेवले, आणि आता ती ते एकटी ओढून नेते. तिकडचा कायदा या बाबतीत विलक्षण उदार आहे: साध्या मोटारीचा परवाना असला म्हणजे अशी अडीच टनांची वस्तू मागे जोडायला वेगळी परीक्षा लागत नाही. साडेसातशे किलोंच्या वर वजन गेले की ओढल्या जाणाऱ्या गाडीला स्वतःचे ब्रेक हवेत, दोन हजारांच्या वर गेले की ते तिच्या सर्व चाकांना हवेत, आणि जोड तुटलाच तर आपोआप लागतील असे हवेत, एवढा बंदोबस्त सरकारने केला आहे. ओढणारीच्या मनाचा बंदोबस्त तिचा तिने करावयाचा.

सेमाडोहच्या संकुलात सामान उतरवून आम्ही सिपनेच्या काठी जाऊन बसलो. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. काठावरचा साग पानझडीला लागलेला होता आणि एकेक पान कागद पडावा तसा आवाज करीत खाली येत होते. तेथे तिने मला समजावून सांगितले, की ओढण्यातले पहिले भय वजनाचे नसून वजनाच्या जागेचे असते. कॅरव्हानच्या एकूण भाराचा सुमारे दहावा हिस्सा पुढच्या जोडावर, म्हणजे मोटारीच्या पाठीवर, पडला पाहिजे. तो मागे सरकला तर भरवेगात सगळे घर शेपटीसारखे डावी-उजवीकडे हेलकावू लागते, आणि त्या क्षणी घाबरून मोटारीचा ब्रेक दाबला तर ते हेलकावे आवरण्याऐवजी वाढतात. पाय सावकाश वर घ्यायचा आणि हाताने केवळ मागच्या घराचे ब्रेक लावायचे, हा त्यावरचा उतारा. तिला तो तोंडपाठ आहे आणि एकदाच वापरावा लागला आहे.

"म्हणजे बंडी उलार होते," मी म्हणाले.

ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. हा शब्द तिने बहुधा कित्येक वर्षांत ऐकला नसावा. आमच्या अचलपूरकडच्या वाड्यात तुरीची आणि कापसाची बंडी भरली जाई तेव्हा आई ओसरीच्या खांबाला टेकून उभी असे, आणि गडी पोती चढवीत असताना एकाएकी म्हणे, "उलार होऊन राहिली, दोन पोते धुरेकडे सरकवा." भार मागे गेला की धुरा वर उचलली जाते, जू बैलांच्या मानेवरून सुटू पाहते, शिवळा गळ्याशी ओढल्या जातात, आणि चढाला अशी बंडी बैलांसकट मागे कलंडते, उलट भार फार पुढे आला तर बैलांच्या माना मोडतात. या दोहोंमधला तो नेमका बिंदू आईला ओसरीवरून दिसे. पोत्यांच्या राशीचा तोल जिला नुसत्या नजरेने कळत होता, त्या बाईने जन्मात कधी कासरा हाती धरला नाही. वखराच्या रुमण्याला बाईचा हात लागणे अशुभ मानणारा तो काळ. धुरकऱ्याची जागा बाईने घेणे कुणाच्या मनातही येत नसे, तिच्या स्वतःच्या तर नाहीच. विद्या घरात होती, अखत्यार नव्हता.

हे लमाणांच्या तांड्यांत निराळे असावे असे मला पुष्कळ वेळा वाटते. धान्य आणि मीठ लादलेल्या बैलांचे तांडे शतकानुशतके या मुलखातून गेले, आणि बायका त्या बैलांच्या बरोबरीने चालल्या. फारसीतला 'कारवान' विलायतेची वारी करून 'कॅरव्हान' होऊन परत आला, तो आमच्या दारात उभा राहिला तेव्हा आम्हांला नवलाचा वाटला. ओढण्याची तर या डोंगरांना जुनीच ओळख आहे. १८०३च्या डिसेंबरात गाविलगडाच्या उत्तर अंगाला तोफा पोहोचविण्यासाठी इंग्रज सेनानी स्टीव्हन्सनच्या फौजेने याच डोंगरांतून वाटा फोडीत त्या हातांनी ओढत नेल्या, १५ तारखेला गड पडला, आणि फत्तेचे श्रेय त्याचा वरिष्ठ वेलस्ली याच्या खाती जमा झाले. असो.

पुढे जाणे कुणालाही जमते, असे बहीण म्हणते. वळण थोडे मोठे घेतले आणि मागचे चाक कोपरा कापणार हे ध्यानात ठेवले म्हणजे झाले. खरी कसोटी मागे येण्याची. मागचे घर उजवीकडे न्यायचे तर मोटार डावीकडे वळवावी लागते, आणि ते वळू लागल्यावर लगेच त्याचा पाठलाग केला नाही तर मोटार आणि घर यांची कात्री मिटते. एकदा तळावर मुक्कामाला पोहोचून ती आपल्या जागेत घर लावीत असताना शेजारचे तीन गृहस्थ खुर्च्यांवरून उठून आले, अत्यंत सद्भावनेने आले, आणि तिघांनी तीन दिशा दाखविल्या. शेवटी एकाने म्हटले, किल्ली माझ्याकडे द्या. तिने दिली. "ताई, ते त्यांनी अडीच मिनिटांत लावलं," ती म्हणाली, "आणि मी चार महिने कुठंच गेले नाही."

त्यानंतर तिने जे केले ते मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. रविवारी पहाटे, दुकाने उघडण्याच्या पुष्कळ आधी, एका बाजाराच्या ओसाड वाहनतळावर ती घर घेऊन जाई, रिकामे डबे मांडी आणि ते पाडी. पाहायला कुणी नसे. हात स्टिअरिंगच्या खालच्या कडेला धरला की मागचे घर ज्या बाजूला हवे त्याच बाजूला हात न्यावा लागतो, उलट विचार करावा लागत नाही, ही युक्ती तिला तेथेच अंगवळणी पडली. सहा रविवार डबे पडले. सातव्या रविवारी किती पडले हे तिने मोजले नाही.

आमच्या भावांना हे मैदान आपसूक मिळाले होते. सुगी आटोपल्यावर खळे रिकामे पडे, तेथे दहा-बारा वर्षांची पोरे बंडी उलटसुलट फिरवीत, दगडावर घालीत, चाकाचा आरा मोडीत, आणि संध्याकाळी थोडा ओरडा खाऊन मोकळी होत. ती मोठेपणी बंडी हाकू लागली तेव्हा लोक म्हणत, पुरुषाच्या जातीला हे उपजतच येते. त्यांचे चुकणे कुणी हिशेबात धरले नव्हते, एवढेच. आम्हां दोघींना ते खळे सारवण्यापुरतेच ठाऊक.

साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८९ साली मध्य रेल्वेत साहाय्यक चालक झाल्या, पुढे ८ मार्च २०११ रोजी त्यांनी डेक्कन क्वीन चालविली आणि १३ मार्च २०२३ रोजी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेली. वर्तमानपत्रांनी त्यांच्या धैर्याची यथोचित वाखाणणी केली. मला मात्र त्या बातम्या वाचताना सदैव फलाटावरच्या गर्दीचाच विचार येई. पहिल्या बाईला रिकामे खळे कोठून मिळणार? तिची पहिली थरथरसुद्धा सार्वजनिक मालमत्ता होते. या गोष्टीचा उल्लेख कुणाच्या सत्कारात झालेला मी ऐकला नाही.

माझ्याजवळ १९८७ सालापासून मोटारीचा परवाना आहे. तो मी नियमाने नूतनीकरण करून आणते आणि मोटार ड्रायव्हर चालवितो.

रात्री जेवण झाल्यावर बहिणीने व्हरांड्याच्या कठड्यावर दोन आगपेट्या एकापुढे एक ठेवल्या, केसांतला आकडा सरळ करून दोहोंत टोचला, आणि कंदिलाच्या उजेडात मला ते सगळे प्रकरण पुन्हा एकदा करून दाखविले. मी मान हलवली. समजले, म्हणून सांगितले. दिवसभराच्या प्रवासाने थकून ती लवकर झोपी गेली. आतून तिचा संथ श्वास ऐकू येऊ लागला, पलीकडे सिपनेचे पाणी दगडांवरून वाहत होते. कोणी जागे नाही अशी खात्री करून घेऊन मी पुढची आगपेटी दोन बोटांत धरली आणि मागे ढकलली. मागची कात्रीसारखी मिटली. पुन्हा सरळ केली, पुन्हा ढकलली. ती कठड्यावरून खाली पडली आणि काड्या अंधारात विखुरल्या. मी कंदील उचलून खाली उतरले आणि एकेक काडी वेचू लागले.