अष्टमीचा चंद्र

२३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी भारताचं विक्रम यान चंद्रावर उतरलं, तेव्हा पंचांगात निज श्रावण शुद्ध सप्तमी चालू होती. या दोन नोंदी वरवर वेगळ्या, पण त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. सप्तमीला चंद्राची आपल्याकडची बाजू निम्म्याहून थोडी कमी उजळलेली असते. उजेड आणि अंधार यांच्यामधली सीमारेषा तेव्हा विक्रमच्या जागेवरून पुढे सरकलेली होती; म्हणजे तिथे सकाळ होती, आणि सौर पट्ट्यांवर चालणाऱ्या यानाला अजून बरेच दिवस ऊन मिळणार होतं. यान पंचांग पाहून उतरवलं, असा याचा अर्थ मुळीच नाही. पण सूर्य आणि चंद्र आकाशात एकमेकांपासून किती अंशांवर आहेत, हेच शास्त्रज्ञांच्या गणिताच्या तळाशी असतं आणि तिथीही तेवढंच सांगते. आपण तिथीला दिवस समजतो, पण ती चंद्राची जागा आहे, आणि तिचं मोल ती आकाशाशी जुळण्यातच आहे.

अमावास्या संपते त्या क्षणी सूर्य-चंद्रामधलं हे अंतर शून्य असतं. तिथून चंद्र सूर्याच्या बारा अंश पुढे गेला की प्रतिपदा सरते, चोवीस अंश गेला की द्वितीया. असे तीस टप्पे साधारण साडेएकोणतीस दिवसांत पुरे होतात, म्हणून सरासरी तिथी २३ तास ३७ मिनिटांची. पण चंद्र सरासरीने चालत नाही. कधी तो पृथ्वीपासून ३ लाख ५७ हजार किलोमीटरांच्या आसपास येतो, कधी ४ लाख ६ हजारांपर्यंत लांब जातो. जवळ असला की झपाट्याने चालतो, लांब गेला की रेंगाळतो. बारा अंशांचा तोच टप्पा कधी वीस तासांत उरकतो, कधी त्याला पावणेसत्तावीस तास लागतात. सूर्योदयाला जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची, असा आपला व्यवहार. त्यामुळे एखादी तिथी दोन सूर्योदयांच्या मधेच सुरू होऊन संपली की क्षय, आणि एकीनेच दोन सूर्योदय पाहिले की वृद्धी. पुष्कळांना हा पंचांगाचा गोंधळ वाटतो. सरळ रोज एक तिथी का नाही, असं ते विचारतात. पगार, शाळा, रेल्वे यांच्यासाठी ठरीव तारीखच हवी, यात वाद नाही. पण तिथीही तशीच ठरीव केली तर ३६० तिथींना ३६० दिवस लागतील, चांद्रवर्ष मात्र ३५४ दिवसांतच संपेल. तीन वर्षं भरायच्या आत पौर्णिमेच्या नावावर काळोखी रात्र येईल. क्षयतिथी हे हिशेबाचं लंगडेपण नव्हे. तिच्यामुळेच पौर्णिमेला पूर्ण चंद्र दिसतो.

याहून जड आक्षेप असा की, तिथी जर आकाशातून आली, तर दोन पंचांगं भांडतात कशी? हा प्रश्न महाराष्ट्रात चांगला गाजला आहे. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांचा १५२० सालचा ग्रहलाघव हा ग्रंथ आपल्याकडे शतकानुशतकं पंचांगांचा आधार होता. ‘बाणवृद्धी रसक्षय’ हा जुन्यांचा दंडक: तिथी साठ घटकांहून, म्हणजे एका दिवसाहून, फार तर पाच घटका वाढेल, सहा घटका घटेल. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ च्या सुमारास नव्या वेधांवर बसवलेलं पंचांग काढलं. अशा गणिताने तिथी सात घटका वाढते आणि दहा घटका घटते, आणि ते परंपरेला मानवणारं नव्हतं. पण जुनं गणित चुकायचं कुठे, हे पाहण्यासारखं आहे. सूर्याच्या ओढीने चंद्राच्या चालीत आणखी एक फरक पडतो. अमावास्या-पौर्णिमेला तो चंद्राच्या जवळ-लांब असण्यासाठीच्या मुख्य संस्कारातच, म्हणजे दुरुस्तीतच, मिसळून जातो, म्हणून ग्रहणं वेळेवर लागत. अष्टमीच्या सुमारास मात्र चंद्र अडीच अंशांपर्यंत, म्हणजे पाच तासांपर्यंत चुकू शके. आणि अष्टमीला ग्रहण नसल्यामुळे चूक कुणाच्या डोळ्यांवर येत नसे. मुंजाल या ज्योतिर्विदाने दहाव्या शतकातच लघुमानस या ग्रंथात हा दुसरा संस्कार सांगितला होता. तो पंचांगात रुजला नाही, ही खरी हळहळण्याची गोष्ट. शास्त्रातली तिथी डोळ्यांना दिसलीच पाहिजे असं नाही, असं काही जण म्हणतात. पण गणेश दैवज्ञ आणि त्यांचे वडील केशव दोघेही स्वतः वेध घेणारे होते. जुने आकडे आकाशाशी ताडून त्यांनीच बदलले. त्यांचा मान राखायचा तर त्यांचे आकडे नव्हे, त्यांची रीत चालवायला हवी.

तिथी चंद्राशी जुळायला हवी, हे ज्यांचं पोट समुद्रावर आहे त्यांना वेगळं सांगावं लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजी वेळ मिळते, हा मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावरचा हिशेब: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. होडी कधी लोटायची हे ज्या तिथीवर ठरतं, ती चंद्राला सोडून कशी चालेल?

बरोबर नव्वद अंशांचा अर्धा चंद्र अष्टमीच्या मध्यावर येतो. येत्या शुद्ध अष्टमीला दिवेलागणीला वर पाहा. चंद्र माथ्याच्या आसपास असेल. त्याची उजेडाची कड सरळ आहे, आत वळली आहे की बाहेर फुगली आहे, हे नीट बघा, आणि मगच घरातल्या पंचांगात अष्टमी किती वाजता सुरू झाली आणि किती वाजता संपणार ते वाचा.