उन्हाळी सुट्टीचा जमाखर्च

मी पेशाने कारकून. बी.कॉम. झाल्यापासून आकड्यांची सोबत सुटली नाही. ऑफिसात दुसऱ्यांचा हिशेब लिहितो आणि घरी आपला. आमच्या घरखर्चाच्या वहीतली मे २०२४ची पाने मात्र इतर महिन्यांसारखी नाहीत. खर्चाच्या बाजूला एस.टी.ची तिकिटे, केळी, बर्फाचे गोळे, तुटलेल्या चपलेची शिलाई असे बरेच काही आहे. जमेच्या बाजूला पगाराशिवाय काही नाही. तरीही तो महिना आमच्या घराला फायद्याचा गेला. कसा, ते वाचक बंधू-भगिनींपुढे मांडावे म्हणून हा लेख.

आम्ही कल्याण पूर्वेला चाळीत राहतो. दोन खोल्या आणि पाच माणसे: आई, आम्ही नवरा-बायको, एक मुलगा, एक मुलगी. धाकटी बहीण जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यात दिली आहे. त्या साली मराठवाड्यात पाण्याची फार टंचाई होती. तिच्या गावाला मार्चपासून टँकर सुरू झाला होता. एप्रिलच्या अखेरीस तिचा फोन आला, “दादा, पोरांची शाळा सुटली की घेऊन येते. महिनाभर तरी त्यांच्या डोक्यावरचा हंडा उतरू दे.” दाजी जनावरांपाशी राहिले. बहीण, बारा वर्षांची भाची आणि नऊ वर्षांचा भाचा असे तिघे तपोवन एक्स्प्रेसने रात्री कल्याणला उतरले. दोन खोल्यांत आठ माणसे झाली. मुले गॅलरीत झोपू लागली आणि त्यातच त्यांना सुट्टीची पहिली मौज वाटली.

आमच्या चाळीत पहाटे तासभर पाणी येते. पहिल्याच दिवशी उठून पाहतो तो भाचीने सगळी भांडी भरून ठेवलेली. हंडा, कळशी, बादल्या, एवढेच काय, चहाचे पातेलेही. अंघोळीला तिने दोन तांबे पाणी घेतले. माझी पत्नी म्हणाली, “अगं, पाणी आहे, नीट अंघोळ कर.” ती म्हणाली, “मामी, दोन तांब्यांत होते की.” पत्नी काही बोलली नाही. पण संध्याकाळी मला म्हणाली, “या पोरीला कुठेतरी घेऊन चला. हिला सुट्टी म्हणजे काय तेच ठाऊक नाही.”

कुठे न्यायचे? माझ्या मुलाच्या मनात वॉटर पार्क होता. मी आठ तिकिटांचा गुणाकार करून दाखवला, तेव्हा तो विषय मिटला. तोवर मुलांनी आपली करमणूक आपणच शोधली होती. भाच्याने चाळीतल्या पोरांना विटीदांडू शिकवला. क्रिकेटशिवाय दुसरे काही न खेळलेली आमची पोरे आठवडाभर विटीच्या मागे धावत होती. चिंचेच्या झाडावर तो सरसर चढे आणि माझा मुलगा खाली उभा राहून “पड, पडशील!” असे ओरडे. संध्याकाळी मी कामावरून आलो की सगळ्यांना दुर्गाडी किल्ल्याच्या खाली खाडीवर नेत असे. भरती-ओहोटी भाच्याने पहिल्यांदा पाहिली. “मामा, एवढं पाणी येतं अन् जातं, कुणी भरून नाही घेत?” खाडीचे पाणी खारट असते हे सांगितल्यावर त्याला फार वाईट वाटले.

मग एका शनिवारी कान्हेरी लेण्यांना जायचे ठरले. शनिवार मुद्दाम निवडला, कारण रविवारी गर्दी असते आणि सोमवारी उद्यान बंद असते. पहाटे भाकरी, पिठले, ठेचा बांधून घेतला. कल्याणहून दादर, दादरहून बोरिवली. तिथून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या दरवाजापर्यंत चालत. लेणी दरवाजापासून सहा-सात किलोमीटर आत आहेत. आईचे वय शहात्तर, म्हणून आतली बस धरली. लेण्यांच्या पायथ्याशी उतरलो आणि पहिला हल्ला झाला माकडांचा. केळ्यांची पिशवी गेली ती गेलीच. माकडाने झाडावर बसून आमच्यासमोर एकेक केळे सोलले. भाकऱ्या बहिणीने पदराखाली धरल्या होत्या म्हणून वाचल्या.

कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत. साधारण दोन हजार वर्षांपूर्वी खोदायला सुरुवात झाली आणि पुढे हजारेक वर्षे येथे भिक्खूंची वस्ती राहिली. तीन नंबरचे लेणे म्हणजे चैत्यगृह. व्हरांड्यात दोन्ही बाजूंना दगडात कोरलेल्या उभ्या बुद्धमूर्ती आहेत. पुढे उभे राहिले की मान वर करून पाहावे लागते. आत खांबांच्या रांगा आणि शेवटी स्तूप. आई हळूहळू आत गेली, हात जोडले आणि त्रिसरण म्हणू लागली. तिचा आवाज बारीक, पण त्या कातळात तो असा घुमला की बाहेर दंगा करणारी मुले आपोआप आत येऊन उभी राहिली.

आईला तिथेच बसवून आम्ही वर चढलो. अकरा नंबरच्या लेण्यात दगडाचे दोन लांब ओटे आहेत. मुलांनी त्यावर पंगत मांडली. चढताना माझ्या मुलीची चप्पल तुटली. उरलेला डोंगर तिने आईची चप्पल घालून पार केला आणि आईने अनवाणी. मेचे ऊन, कातळ तापलेला. पण भाचीचे लक्ष लेण्यांकडे नव्हतेच. ती प्रत्येक लेण्याच्या पुढच्या टाक्यात वाकून पाहत होती. येथे जवळजवळ प्रत्येक लेण्याजवळ पाण्याचे टाके खोदलेले आहे. डोंगराच्या अंगावर दगडातच पन्हळी काढल्या आहेत. पावसाचे पाणी त्यांतून वाहत येऊन टाक्यांत साठते. मे महिना असूनही कित्येक टाक्यांत पाणी होते.

“मामा, हे पाणी कोणाचं?” तिने विचारले.

मी आमच्या विहाराच्या वाचनालयात या लेण्यांवर वाचले होते, ते सांगितले. येथल्या शिलालेखांत पाण्याच्या टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे आणि ते कोणी दान दिले तेही कोरून ठेवले आहे. दान देणारे काही सगळेच राजे-महाराजे नव्हते. व्यापारी होते, भिक्खुणी होत्या, घरधनी बाया होत्या. सोपारा, नाशिक आणि आपल्या कल्याणची माणसेही होती. कल्याणच्या एका सोनाराने येथे पोढी दिली आणि कल्याणच्याच एका लोहाराने वाट करून दिली. डोंगर चढून येणाऱ्या कोणालाही ते पाणी पिता यावे, ती वाट चालता यावी.

खाली येऊन हीच गोष्ट आईला सांगितली. माझे वडील रेल्वेच्या शेडमध्ये लोखंडकामाला होते. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “लोहार होता? कल्याणचा? म्हणजे आपल्यातलाच कुणी हातोडीचा माणूस.” परतताना ती त्या पायऱ्यांवरून जपून उतरत होती, जणू घरच्या माणसाने केलेले काम आहे.

घरी आल्यावर आईने आपली एक इच्छा बोलून दाखवली. दर सहा डिसेंबरला ती चैत्यभूमीला जाते. नागपूरला दीक्षाभूमीवर दोनदा जाऊन आली. “पण महाड राहून गेलं रे,” ती म्हणाली. मी वही काढली. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एस.टी.चा प्रवास मोफत आहे, तेव्हा आईचे तिकीट नाही. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट. मुलांचेही अर्धे. आठ माणसांत पुरे तिकीट लागणार होते एकट्या मला! मुले हसली. महाड ठरले.

पहाटेची गाडी धरली. पनवेल, पेण, माणगाव. गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम वर्षानुवर्षे चालू असल्याने हाडे खिळखिळी झाली. भाच्याला तीनदा उलटी झाली. पण करवंदांचे द्रोण विकणाऱ्या बाया दिसल्या की तो बरा होई. महाडला चळवळीतल्या एका जुन्या कार्यकर्त्याच्या घरी मुक्काम केला. उन्हे कलल्यावर चवदार तळ्यावर गेलो.

तळे पाहून मुलांची थोडी निराशाच झाली. त्यांना वाटले होते, केवढे मोठे काहीतरी असेल. गावाच्या मधोमध बांधलेल्या काठांचे एक तळे, आजूबाजूला घरे, रहदारी. आईने बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढे हात जोडले आणि पायरीवर बसली. मी मुलांना भोवती घेऊन सांगितले. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी ठराव आणला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. ठराव मंजूर झाला. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे कागद तयार होता. तरीही तीन वर्षे आपल्या माणसाला येथे ओंजळभर पाणी घेता आले नाही. मग २० मार्च १९२७ला बाबासाहेब परिषदेच्या हजारो माणसांना घेऊन शांतपणे चालत येथे आले आणि पाणी प्याले. त्यानंतर आपल्या लोकांवर हल्ला झाला, डोकी फुटली. त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा परिषद भरली, तेव्हा बाबासाहेब बोटीने येऊन दासगावपासून पायी महाडला आले. तळ्याचा खटला दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ला मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला.

भाचीने पायरीवर बसून पाण्यात हात घातला. बराच वेळ तसाच ठेवला. मग म्हणाली, “मामा, आमच्या गावातबी कागद हाय का?”

मी बहिणीकडे पाहिले. मग ती बोलली. टँकर गावातल्या सार्वजनिक विहिरीत रिकामा होतो. आपली वस्ती तिथून लांब. विहिरीवर कोणी अडवत नाही, कोणी वाईट बोलत नाही. फक्त गावातल्या बायकांचे भरून झाल्यावर वस्तीतल्या बायका पुढे होतात. तोवर तळाचा गाळ उरतो. पोरींची अर्धी दुपार तिथे जाते. वस्तीला स्वतःची विहीर आहे, कोरडी आहे, पण टँकर ओतायला काय हरकत आहे? “कधी बोललीस का?” मी विचारले. “कुणाला बोलणार दादा? कोणी नाही थोडंच म्हणतं.”

त्या रात्री महाडलाच कंदिलाएवढ्या दिव्याखाली अर्ज लिहिला. माझे आयुष्य अर्ज लिहिण्यात गेले, पण एवढा मन लावून कधी लिहिला नसेल. वस्तीतली घरे किती, माणसे किती, विहीर किती लांब, टँकर किती वाजता येतो, हे सगळे भाचीने तोंडपाठ सांगितले. रोजच्या खेपांपैकी एक खेप वस्तीच्या विहिरीत ओतावी, एवढीच मागणी. विहिरी आणि तलाव यांबाबत कोणाला डावलता येणार नाही, असे संविधानाच्या पंधराव्या कलमात आहे, तेही खाली लिहिले. ग्रामपंचायतीला एक, तहसीलदारांना एक आणि एक आपल्याजवळ ठेवायला. बहिणीला बजावून सांगितले, “पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही. शिक्का आणि तारीख.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गांधारपाले लेणी पाहिली. मुले डोंगर चढून गेली, वरून नदी पाहून आली. भाचीने खाली आल्यावर फक्त एवढेच सांगितले, “आजी, इथंबी टाकं हाय.”

तेवीस मेला वैशाख पौर्णिमा झाली. विहारात वंदना झाली, चाळभर खीर वाटली आणि त्यानंतर दोन दिवसांनी पाहुणे परत निघाले. जायच्या दिवशी भाचीने बादलीभर पाण्याने अंघोळ केली. पत्नीने मला हळूच सांगितले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बहिणीचा फोन आला. वस्तीतल्या तेवीस बायकांनी अर्जावर सह्या-अंगठे केले. आधी “बघू, बघू” झाले. तहसीलला जाऊन पोच आणल्यावर वस्तीच्या विहिरीत टँकर आला. “दादा, चार खेपा झाल्या अन् पाऊस आला,” ती म्हणाली. “पण पोच पेटीत ठेवलीय. पुढच्या साली मार्चातच अर्ज देणार. पोरगी म्हणते, या खेपेला मीच लिहिते.”

बांधवांनो, सुट्टीत मुलांना घेऊन बाहेर पडा. पैसा लागतो, पण वाटतो तेवढा नाही. कान्हेरीला जाल तर सकाळी लवकर जा, पाणी भरपूर न्या आणि केळी पिशवीत उघडी ठेवू नका. महाडला जाल तर म्हाताऱ्या माणसांना बरोबर न्या. आणि मुले काय विचारतात ते ऐका.

मेच्या पानावर जमेची बाजू रिकामी राहिली होती. फोन ठेवल्यावर मी वही उघडली आणि तिथे लिहिले: पोच, नग एक.