आधी इंजिन, मग पाणी

मी कॉन्व्हेंटची, तेव्हा मराठी सांभाळून घ्या!

आमच्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरला की पाण्याच्याच दाबाने ते उघडतात. लॅबमध्ये क्विक कपलिंग पाहिलं, तेव्हा तेच आठवलं. आत स्प्रिंगचा व्हॉल्व्ह. टक् करून जोडलं की वाट खुली, काढलं की बंद. जाम आवडलं.

मे महिन्यात फोंडा घाट उतरून मालवणला मामाकडे गेले. त्याची एकच जेट-स्की, तीही कर्जावर. रोज संध्याकाळी कूलिंगच्या नळ्यांमधलं खारं पाणी गोड्या पाण्याने धुवावं लागतं. मी त्या नळीला कपलिंग बसवलं, नळ सोडला आणि मोबाईल आणायला आत गेले. परत येऊन स्टार्टर दाबला, तर इंजिन गप्प! इंजिन बंद असल्याने पाणी एक्झॉस्टमधून उलटं सिलिंडरमध्ये शिरलं होतं.

"आदी इंजिन, मगे पाणी, गो!" मामा एवढंच बोलला. प्लग काढून पाणी उपसण्यात रात्रीचे अकरा वाजले. दुसऱ्या दिवशीचा धंदा बुडाला तो बुडालाच.

तरी उरलेलं कपलिंग घेऊन मी पेट्रोलच्या नळीकडे वळले! या वेळी मामाने हातच धरला. पाण्याच्या कपलिंगमधलं रबर पेट्रोलने फुगतं, मग गळती. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बंद हलच्या तळाशी साचते. पुढे एक ठिणगी पुरते. केमिस्ट्रीत हे मी पाठ केलं होतं, बरं का!

मामाने हातात रंग आणि ब्रश दिला. नळाच्या वर माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'आदी इंजिन, मग पाणी'. शेजारी म्हणतात, भाचीला मालवणी छान येतं. खरं तर माझा 'ध' चुकलाय.