शाह डोंगरावरची रानबोर

नगर शहरातून पाथर्डीच्या रस्त्याला लागलं की काही किलोमीटरवर शाह डोंगर दिसतो. माथ्यावरच्या तीन मजली अष्टकोनी इमारतीला सगळे चांदबीबी महाल म्हणतात. खरं तर तो निजामशाहीचा वजीर सलाबतखान याचा मकबरा आहे.

वर चढताना मकबऱ्याइतकंच उताराकडेही पाहावं. उन्हाळ्यात नगरभोवतीच्या डोंगरांवर वणवे लागतात. कुणी पेटती विडी टाकतं, कुणी चांगलं गवत येईल म्हणून मुद्दाम काडी लावतं. गवताबरोबर रानबोरीची झुडपंही काळीठिक्कर होतात. ती मेली असं वाटतं, पण खडकाच्या फटींत खोल गेलेली मुळं शाबूत असतात. मुळांतल्या साठ्यावर पावसात बुडख्यापासून फुटवे निघतात. पानं वरून हिरवी, खालून पांढुरकी. काटे जोडीने, एक सरळ, एक आकडीसारखा.

मात्र दरसाल आग लागली आणि वर आलेला कोंब शेळीने खाल्ला, तर साठा भरणार कधी? बोरं तर लांबच राहिली.

आपल्याकडे मय्यतच्या गुस्लसाठी पाण्यात बोरीचा पाला घालतात. पैगंबर साहेबांनी (स.) आपल्या मुलीच्या गुस्लच्या वेळी सिद्र वापरायला सांगितल्याचं हदीसमध्ये आहे, आणि सिद्र म्हणजे बोरीच्याच जातकुळीतलं झाड. पाला पाण्यात चोळला की साबणासारखा फेस येतो.

पावसाळ्यानंतर डोंगरावर गेलात, तर जळक्या काड्यांमधले हे फुटवे बघा. पाला हवा असेल तर जुन्या, न जळलेल्या झुडपाचा घ्या.