पुण्याचे ११९, म्युनिकचे ९.९९

२०२२च्या ऑक्टोबरात मला म्युनिकला येऊन तीन महिने झाले होते. सकाळी एस-बान लोकलमध्ये बसलं की कानात भीमसेनजी नाहीतर किशोरीताई हव्यातच, ही पुण्यापासूनची सवय. एका सकाळी एक राग संपला आणि दुसरा सुरू होण्याआधी जाहिरात वाजली. गाण्यांच्या ॲपवरचं माझं सशुल्क खातं बंद झालं होतं. परदेशी राहायला आल्यावर पुण्याचं बचत खातं नियमाप्रमाणे एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं, करून घेतलं, त्यात जुनं डेबिट कार्ड गेलं होतं. इथल्या बँकेचं कार्ड घातलं, तर ॲपने ते नाकारलं. खातं भारताचं आणि कार्ड जर्मनीचं चालत नाही. आधी देश बदला.

बदलला. पुण्यात महिन्याला ११९ रुपये भरत होतो. इथे दर होता ९.९९ युरो, म्हणजे तेव्हाच्या भावाने आठशे रुपयांच्या घरात. शिवाय यादीतली काही गाणी करडी पडली, कारण त्यांचे हक्क जर्मनीसाठी दिलेले नव्हते. जवळजवळ सातपट पैसे आणि गाणी मात्र कमी! पैसे न भरता मी ॲप बंद केलं.

ऑफिसातल्या एकाने सांगितलं, व्हीपीएन लाव आणि तुर्कस्तानच्या दरात घे. पुण्याहून वहिनी म्हणाली, "भाऊजी, आमच्या फॅमिली प्लॅनमध्ये या ना." त्यासाठी सगळे एकाच पत्त्यावर राहणारे लागतात, पण तपासणार कोण? मी हो म्हणणारच होतो.

त्याच आठवड्यात सांगलीच्या मावसबहिणीचा फोन आला. ती गाते. तिने पदरचे पैसे घालून काही अभंग ध्वनिमुद्रित केले आणि एका वितरकामार्फत अशा ॲपवर चढवले आहेत. माझी तक्रार तिने ऐकून घेतली आणि म्हणाली, "दादा, माझा हिशेब पाठवते, तो बघ."

हिशेबात देशवार ओळी होत्या. भारताच्या ओळीत ऐकण्यांची संख्या सगळ्यांत मोठी, पण एका ऐकण्यामागे पडलेली रक्कम काही पैशांची. अमेरिकेतून ऐकणारे थोडेच, तरी त्यांच्या ओळीची बेरीज भारताहून जास्त. कारण सरळ आहे. एका देशात वर्गणी आणि जाहिरातींतून जे जमा होतं, त्यातला हक्कधारकांचा वाटा त्या देशातल्या ऐकण्यांच्या प्रमाणात विभागला जातो. भारतात वर्गणी कमी आणि फुकट ऐकणारे फार, म्हणून तिथला वाटाच लहान. मी म्युनिकमध्ये बसून पुण्याच्या दराने तिचा अभंग ऐकला, तर तो त्या लहान वाट्यात मोजला जाणार.

मग मी दुसरा हिशेब मांडला. त्याच ऑक्टोबरपासून जर्मनीत किमान वेतन तासाला १२ युरो झालं होतं. म्हणजे इथल्या सगळ्यांत कमी पगाराच्या माणसालाही महिनाभराच्या गाण्यांसाठी एक तासही राबावं लागत नव्हतं. महाराष्ट्रात त्या वर्षी रोजगार हमीची मजुरी दिवसाला २५६ रुपये होती. तिथे ११९ रुपये म्हणजे जवळजवळ अर्ध्या दिवसाचे कष्ट. ज्याला मी स्वस्त दर समजत होतो, तो कष्टांच्या मापाने जास्त जड होता. सातपटीचा माझा हिशेब रुपयांचा होता, आणि मी तर आता युरोत कमावत होतो.

देशादेशांतला दर वेगळा असावा, हे मला पटलं. गाणी करडी पडण्याचं अजून पटलेलं नाही. पुण्यात वर्षानुवर्षं जमवलेली यादी देश बदलला म्हणून अर्धवट होते, आणि असं होईल हे पैसे मागताना कोणी सांगत नाही. हे मी त्या कंपनीला लिहून कळवलं. ठरीव मजकुराचं उत्तर आलं.

वहिनीला नाही म्हटलं आणि ९.९९ युरो भरले. पुढच्या उन्हाळ्यात बहिणीने नवा हिशेब पाठवला. त्यात पहिल्यांदाच जर्मनीची ओळ होती.