शून्य मैलावरची सहल

आमच्या घरी पंगतीत एखादी गोष्ट बोलली, की ती साऱ्या घराची होते. त्या रविवारी मी सहज म्हणाले, "यंदा सातवीची सहल फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथीड्रलला न्यावी म्हणते." मामंजींचा घास हातातच राहिला. सासूबाईंनी विचारले, "आपली एवढी देवळे असताना ख्रिस्ती लोकांचे देऊळ कशाला गं?"

प्रश्न रास्त होता आणि माझ्यापाशी धड उत्तर नव्हते. हे खूळ निघाले ते वर्गातल्या एका मुलामुळे. मुंबईत रस्त्याच्या कडेला अर्धवट पुरलेले जुने मैलाचे दगड अजून आढळतात. त्यांवर रोमन आकडे असतात. "बाई, एवढे मैल, पण ते कोठून?" असे त्याने विचारले. ते याच वास्तूपासून! 1718 च्या नाताळात हे चर्च उघडले आणि 1837 साली ते बिशपचे मुख्य पीठ, म्हणजे कॅथीड्रल, झाले. चर्चगेट हे नावही त्याचेच. किल्ल्याच्या ज्या वेशीतून त्याच्याकडे वाट जाई, ती वेस तटाबरोबर 1860 नंतरच्या दशकात गेली. नाव तेवढे स्टेशनाने धरून ठेवले.

मुलांना नेण्यापूर्वी जागा स्वतः पाहून यावी हा माझा नेम. एका शनिवारी एकटीच गेले. बाहेरचे गॉथिक धाटणीचे कारंजे सर कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी गृहस्थांच्या देणगीतले. दाराशी सवयीने चपला काढण्यास वाकले, तो ध्यानात आले की येथे चपला नव्हे, टोपी काढावयाची. शेहेचाळीस मुलांच्या जोड्यांचा ढीग राखण्याचे संकट टळले म्हणून मी मनातून हुश्श केले! प्रार्थनेच्या वेळा, पाणी, मुलींची सोय, डबे उघडावयाची जागा, सारे वहीत टिपले. आत भिंतींवर कंपनीच्या अंमलदारांची संगमरवरी स्मारके आहेत. त्यांवरील सालांची वजाबाकी करून कोण किती जगला हे काढावयास मुलांना सांगावे, असेही ठरविले.

मग जोनाथन डंकनच्या स्मारकापाशी थबकले. हा 1795 पासून 1811 साली मरेपर्यंत मुंबईचा गव्हर्नर होता. त्याआधी काशीस रेसिडेंट असता 1791 साली त्याने तेथे संस्कृत पाठशाळा काढली. काशी व काठेवाड येथील बालहत्या बंद झाली, असे स्मारकावर कोरले आहे. बालहत्या, म्हणजे नुकत्या जन्मलेल्या मुलींची. वाचून मन भरून आले. पण लगेच मास्तरकीची खोड जागी झाली. खरोखरच बंद झाली असती, तर त्याच चालीसाठी 1870 साली सरकारास कायदा कशाला करावा लागला असता? आणि 1994 साली गर्भाचे लिंग पाहण्यास मनाई करणारा दुसरा? दगडावर कोरलेलेही तपासून घ्यावे लागते, हे दाखविण्यास मला याहून सोयीची जागा सापडेना.

रात्री हे सारे घरी सांगितले. सासूबाई बराच वेळ ताटाकडे पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "माझ्या पाठीवर चौथी मुलगी झाली, तेव्हा आजीने साखर वाटू दिली नाही. मारली कोणी नाही हो. पण ताप भरला, तेव्हा डॉक्टरही कोणी आणला नाही."

"किती वर्षांच्या होत्या त्या?" माझ्या जावेने विचारले.

"सव्वा वर्षाची. नाव यमू."

या घरात तीस वर्षे झाली मला, पण हे नाव मी प्रथमच ऐकले. मामंजीही काही बोलले नाहीत.

संमतिपत्रे शेहेचाळीसांपैकी त्रेचाळीस आली आहेत. उरलेल्या तीन घरांत अजून खल चालला आहे. त्यांपैकी एका मुलीचे आजोबा सोमवारी मला भेटावयास येणार आहेत. काल वाती वळता वळता सासूबाईंनी विचारले, "तिथल्या बाकांना पाठ आहे ना गं? मग मीही येते. डब्यांकडे पाहावयास कोणी तरी हवेच."