पाय थांबला होता का, आणि किती दिवस?

मणक्याचं ऑपरेशन होऊनही पाय दुखतो म्हणून कुणी आलं, की मी फाइल लगेच उघडत नाही. आधी विचारतो, "ऑपरेशननंतर पाय दुखायचा थांबला होता का? किती दिवस?" नांदेड-हिंगोली पट्ट्यात वेदनातज्ज्ञ म्हणून काम करताना मला या प्रश्नाचा जेवढा उपयोग झाला, तेवढा दुसऱ्या कुठल्याच तपासणीचा झाला नाही. पेशंटच्या मनात मात्र एकच वाक्य पक्कं बसलेलं असतं : ऑपरेशन फेल गेलं.

फेल हे निदान नव्हे. एमआरआयवर दिसणारी गादी आणि पायातली कळ यांचं दरवेळी जुळतंच असं नाही. पाठदुखी नसलेल्या लोकांच्या तपासण्यांचा एक मोठा आढावा 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. विशीतल्या 30 टक्के लोकांत फुगलेली गादी सापडली, ऐंशीच्या घरातल्यांत 84 टक्क्यांत. म्हणजे दिसली ती गादी काढली आणि दुखणं होतं तिथंच राहिलं, असं घडू शकतं.

पाय एक दिवसही थांबला नव्हता, असं पेशंट म्हणाला, तर मी मुळापासून तपासतो. दबलेली नस ती नव्हतीच का? बाजूच्या अरुंद वाटेत ती अजून अडकलेली आहे का? खुब्याचा सांधा, मधुमेहाने खराब झालेल्या नसा, बिडी-तंबाखूने आकसलेल्या रक्तवाहिन्या, हेही पायदुखीच्या वेशातच येतात. चालताना पोटरी भरून येते, पण सायकल कितीही मारता येते, असं सांगणाऱ्याचा मणका अरुंद असण्याची शक्यता जास्त. कारण सायकलवर माणूस पुढे वाकतो आणि नसांना जागा मिळते. सायकलवरही पोटरी तशीच भरून येत असेल, तर मी पायाची नाडी बोटांनी चाचपून बघतो. काही आठवडे आराम पडून दुखणं हळूहळू परतलं, तर नसेभोवती धरलेल्या व्रणाचा संशय घ्यावा लागतो. सहा-आठ महिने माणूस ठणठणीत होता आणि एके दिवशी वाकताना कळ निघाली, तर गादी पुन्हा सरकली असेल. व्रण आणि गादी साध्या एमआरआयवर सारखेच भासतात. शिरेतून गॅडोलिनियम देऊन काढलेल्या चित्रात व्रण उजळतो, सरकलेली गादी सहसा उजळत नाही. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण व्रण काढायला पुन्हा चिरलं की नवा व्रण धरतो.

दुसऱ्या ऑपरेशनची घाई म्हणूनच मला धास्तावते. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या पाठीवर 1944 ते 1957 या काळात चार शस्त्रक्रिया झाल्या. पैसा, सर्जन, इस्पितळ, कशाचीच वाण नव्हती. तरी दुखणं सुटलं नाही. पुढे 1961 मध्ये हान्स क्राउस या डॉक्टरांनी त्यांच्याकडून नियमाने व्यायाम करून घेतला, तेव्हा त्यांना बराच आराम पडला.

वसमतच्या मोंढ्यात हळदीची पोती वाहणारे एक मामा माझ्याकडे आले होते. ऑपरेशन होऊन दोन वर्षं झालेली, तेही दुसऱ्या शहरात. "सायेब, रातच्याला चादर लागली तरी पोटरीची आग आग व्हायलीय." मी त्यांना टाचांवर चालायला लावलं, चालले. अंगठा वर ओढून धरायला सांगून मी तो खाली दाबला. जोर शाबूत होता. मग कापसाचा बोळा नडगीच्या बाहेरच्या बाजूने पावलाकडे नेला, तसा त्यांनी पाय झटकन आखडून घेतला. एवढ्याशा कापसाने दुखायला नको. दुखलं, कारण नसच बिघडली होती. फार दिवस दबलेली नस मोकळी झाल्यावरही आपोआप संदेश सोडत राहते, आणि मज्जारज्जू ते संदेश वाढवून मेंदूकडे पाठवतो. दार उघडल्यावरही वाजत राहणाऱ्या घंटीसारखं ते असतं. अशा वेळी एमआरआय स्वच्छ येतो आणि घरचे म्हणायला लागतात की हा नाटकं करतोय. मामांच्या मुलाला मी जवळ बोलावून कापसाची तपासणी पुन्हा करून दाखवली. घरच्यांचा विश्वास बसला नाही, तर उपचार अर्ध्यावरच राहतो असा माझा अनुभव आहे.

अशा दुखण्यावर डायक्लोफिनॅक फारसं चालत नाही, पण लोक ते वर्षानुवर्षं घेतात आणि मूत्रपिंड गमावून बसतात. बिननावाच्या पुड्यांची मला त्याहून भीती वाटते. पुडी घेतली की दोन दिवसांत पळायला लागलो असं कुणी सांगितलं, की त्यात स्टेरॉइड असल्याचा संशय मला येतोच. नॉरट्रिप्टिलिन किंवा प्रीगॅबालिन मी थोड्या मात्रेत, रात्री सुरू करतो. ऑस्ट्रेलियातल्या 2017 च्या चाचणीत सायटिकावर प्रीगॅबालिनचा उपयोग दिसला नाही, म्हणून ते सरसकट देत नाही. आग, मुंग्या, कापसाचा स्पर्श न सोसणं अशी लक्षणं असली तरच देतो, आणि गुण आला नाही तर हळूहळू उतरवत बंद करतो. नसेच्या मुळाशी दिलेलं इंजेक्शन काहींना काही महिने सुख देतं. मज्जारज्जूजवळ तारा बसवून विजेचे सौम्य झटके देणारं यंत्रही आहे. 2007 च्या एका चाचणीत त्याने जवळपास निम्म्या पेशंटची पायदुखी निम्म्यावर किंवा त्याखाली आली. 2022 मध्ये नॉर्वेच्या चाचणीत मात्र यंत्र चालू असो की बंद, फरक पडला नाही. लाखांचा खर्च आहे. त्यासाठी कुणी शेत विकायला निघालं तर मी अडवतो.

राहिलं चालणं आणि काम. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद निघते, शिजते, वाळते. तेव्हा माणूस पाय पेटेपर्यंत उकिडवा बसून गड्डे आणि हळकुंडं वेगळी करतो आणि मग चार दिवस खाटेवर पडतो. या चार दिवसांत स्नायू ढिले पडतात, नस आणखी चिडते. मी घड्याळ लावायला सांगतो : वीस मिनिटं काम, उठून पाच मिनिटं फेरी, पाय दुखत नसला तरी उठायचंच. दर आठवड्याला थोडं वाढवायचं. मामांनी पोती सोडली आणि मोंढ्यात काट्यावर वजनाच्या नोंदी ठेवायचं काम धरलं. आग पूर्ण गेली नाही. रात्रीची झोप मात्र लागते, आणि बाजाराच्या दिवशी ते चालत येतात.

काही वेळा मात्र थांबून चालत नाही. लघवी अडली किंवा नकळत व्हायला लागली, बसायच्या जागेला बधिरता आली, पाऊल लोंबायला लागलं, किंवा ऑपरेशननंतर काही आठवड्यांतच ताप येऊन पाठ असह्य दुखायला लागली, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचं, मग रात्र असो वा पोळा.

हिंगोलीत 2024 मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथं आठवड्यातून एक दिवस वेदनेची ओपीडी चालावी, आणि तिच्यात भूलतज्ज्ञ, मणक्याचा सर्जन आणि फिजिओथेरपिस्ट एकाच टेबलाशी बसावेत, यासाठी मी अर्ज करत राहणार आहे. सेनगावच्या पेशंटला तीन गावांत तीन फाइली घेऊन हिंडायला लागू नये.